दोन घरचे पाहुणे : पर्ल बक आणि लिन युटांग

'दोन घरचा पाहुणा उपाशी' अशी आपल्यात एक जुनी म्हण आहे. पहिल्या घरास वाटते, हा दुसरीकडे जेवून आला असेल. दुसऱ्या घरास वाटते, पहिल्याने वाढलेच असेल. आणि पाहुणा दोन्हीकडचे आदरातिथ्य ऐकत रिकाम्या पोटी निजतो. अमेरिका आणि चीन या दोन देशांच्या मध्ये ज्यांचे सारे आयुष्य व सारे लेखन गेले, अशा दोन ग्रंथकारांची पुस्तके पुन्हा एकवार वाचून काढताना या म्हणीची आम्हांस वारंवार आठवण झाली. त्यांतील एक श्रीमती पर्ल बक, दुसरे डॉक्टर लिन युटांग. एक जन्माने अमेरिकन, पण बालपणापासून चीनमध्ये वाढलेली. दुसरे जन्माने चिनी, पण इंग्रजीतून अमेरिकन वाचकांसाठी लिहून कीर्ती पावलेले. दोघांनाही त्यांच्या हयातीत आणि हयातीनंतर 'पूर्व-पश्चिमेचा पूल' ही पदवी इतक्या वेळा देण्यात आली आहे की, तिचा अर्थच झिजून गेला आहे.

आम्हांस ही पदवी मान्य नाही. पुलावरून कोण गेला आणि काय वाहून नेले, याची पुलास दाद नसते. लेखकाचे तसे नाही. काय न्यावे आणि काय मागे ठेवावे हे तोच ठरवतो, आणि तेथेच त्याच्या प्रामाणिकपणाचा कस लागतो. दोन घरांत वावरणाऱ्या लेखकाची कसोटी आमच्या मते एकच आहे. ज्या घरी जे ऐकणे अप्रिय, ते त्या घरी जाऊन त्याने सांगितले काय? या घरचे दोष त्या घरी सांगणे सोपे असते. त्या घरचे गुण या घरी गोड करून सांगणे त्याहूनही सोपे, आणि अधिक किफायतीचे. या कसोटीवर दोघांचे ग्रंथ लावून पाहिले, तर त्यांच्या लोकप्रियतेने ठरलेला क्रम बराचसा बदलतो, असे आम्हांस दिसून आले.

अमेरिकन बाईने आशियातील एखाद्या देशाविषयी लिहिलेले पुस्तक म्हटले की, हिंदी वाचकाच्या कपाळावर आठी पडणे साहजिक आहे. 1927 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथरीन मेयो हिच्या 'मदर इंडिया' या पुस्तकाने जी जखम केली, ती आपल्या मागील पिढ्या विसरल्या नव्हत्या. मेयो काही महिने येथे हिंडली आणि एका सबंध राष्ट्राविषयी निवाडा देऊन मोकळी झाली. त्यानंतर चारच वर्षांनी, 1931 साली, पर्ल बक यांची 'दि गुड अर्थ' ही कादंबरी निघाली. दोघी अमेरिकन, दोघींचा विषय आशियातील दारिद्र्य. परंतु यापलीकडे साम्य नाही. मेयो पाहावयास आली होती. बकबाईंना पाहावयास जावे लागलेच नाही, कारण त्या तेथेच होत्या.

त्यांचा जन्म 1892 साली अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया प्रांतात झाला. पण आईबाप प्रेस्बिटेरियन पंथाचे मिशनरी असल्यामुळे काही महिन्यांची ही मुलगी चीनमध्ये आली आणि यांगत्से नदीकाठच्या झेन्जियांग या गावी वाढली. चिनी आणि इंग्रजी या दोन्ही भाषा तिच्या कानांवर एकाच वेळी पडल्या. घरी कुंग नावाचे वृद्ध गुरुजी तिला कन्फ्यूशियसची शिकवण देत. शिक्षणासाठी ती अमेरिकेत गेली आणि 1914 साली पदवी घेऊन परतली. 1917 साली शेतीच्या अर्थशास्त्राचे अभ्यासक जॉन लॉसिंग बक यांच्याशी तिचा विवाह झाला, आणि आन्ह्वेई प्रांतातील एका दुष्काळी मुलखात काही वर्षे तिला शेतकऱ्यांच्या शेजारी संसार करावा लागला. पुढे नानकिंग येथे 1927 साली परदेशीयांवर सैनिक चालून आले, तेव्हा एका गरीब चिनी बाईच्या झोपडीत लपून या कुटुंबाचे प्राण वाचले. ज्या राष्ट्राने हाकलून दिले, त्याच राष्ट्रातील एका दरिद्री बाईने वाचवले. असा अनुभव ज्याच्या गाठी आहे, त्याला त्या राष्ट्राविषयी एका वाक्यात बोलणे पुढे कधीच शक्य होत नाही.

'दि गुड अर्थ' ही वांग लुंग या शेतकऱ्याची आणि त्याची बायको ओ-लान हिची कथा. दुष्काळ येतो, कुटुंब दक्षिणेच्या शहरात जाऊन भीक मागते व हातरिक्षा ओढते, पुन्हा जमिनीकडे येते, श्रीमंत होते. आणि श्रीमंती आल्यावर वांग लुंग ओ-लानने जिवापाड जपलेले दोन मोती तिच्याकडून मागून घेऊन दुसऱ्या बाईला देतो. ओ-लान त्या वेळी तळ्यावर त्याचेच कपडे धूत असते. ती मोती काढून देते आणि कपडे धुणे पुढे चालू ठेवते. लेखिका येथे एका शब्दानेही रडत नाही, चिनी स्त्रीच्या स्थितीवर व्याख्यान देत नाही. म्हणूनच वाचकाचे मन आतून हलते. ही संयत गती कोठून आली याचे उत्तर बकबाईंनी स्वतःच देऊन ठेवले आहे : या कथा त्यांच्या मनात आधी चिनी भाषेत घडत. शब्द इंग्रजी, पण वाक्याची चाल चिनी, असे या पुस्तकाचे गद्य आहे.

याच्या एक वर्ष आधी प्रसिद्ध झालेल्या 'ईस्ट विंड : वेस्ट विंड' या त्यांच्या पहिल्या कादंबरीशी हे पुस्तक ताडून पाहावे. त्यात पाय बांधलेली चिनी नायिका आहे, परदेशी शिकून आलेला डॉक्टर नवरा आहे, भावाने केलेली अमेरिकन बायको आहे; म्हणजे दोन संस्कृतींचा झगडा अगदी समोरासमोर मांडलेला आहे. आणि तरीही ती कादंबरी आज फिकी वाटते. तिच्यात प्रत्येक प्रथा कोणा परक्याला समजावून दिली जात आहे, असे जाणवत राहते. 'दि गुड अर्थ' मध्ये समजावणे संपले आहे. दोन संस्कृतींचा विषय सोडून दिल्यावरच लेखिकेला दोन संस्कृतींमधले आपले स्थान सापडले.

आता आमच्या कसोटीकडे येऊ. या कादंबरीत एक लहानसा प्रसंग आहे, आणि आमच्या मते तो सबंध ग्रंथाची किल्ली आहे. शहरात वांग लुंगला एक परदेशी माणूस एक छापील कागद देतो. त्यावर क्रुसावर खिळलेल्या माणसाचे चित्र असते. वांग लुंगला वाचता येत नाही. घरी म्हातारा बाप चित्र निरखून म्हणतो की, हा मनुष्य मोठाच दुष्ट असला पाहिजे, नाही तर त्याला असे टांगले नसते. शेवटी ओ-लान तो कागद इतर कागदांबरोबर जोड्याच्या तळव्यात शिवून टाकते, कारण तेवढाच तळवा मजबूत होतो. ज्या मुलीचा बाप असे कागद वाटत आयुष्यभर खेडोपाडी फिरला, तिने हे लिहिले आहे. यात टवाळी नाही. देणाऱ्याच्या मनात काय होते आणि घेणाऱ्याच्या हाती काय पडले, यांतले अंतर मात्र तिने निर्दयपणे मोजले आहे.

जे कादंबरीत सुचवले, ते तिने पुढे उघड बोलून दाखवले. नोव्हेंबर 1932 मध्ये न्यूयॉर्क येथे आपल्याच पंथाच्या मंडळींसमोर भाषण करताना तिने विचारले की, परदेशांत मिशनरी पाठवण्यास खरोखर काही आधार आहे काय? अनेक मिशनरी संकुचित वृत्तीचे, ज्यांच्यात राहतात त्या लोकांविषयी अज्ञानी आणि सहानुभूतिशून्य असतात, असा तिचा आरोप होता. गदारोळ उठला, आणि 1933 साली तिने मिशनच्या कामाचा राजीनामा दिला. 1936 साली तिने आई आणि वडील यांची दोन चरित्रे प्रसिद्ध केली : 'दि एक्झाइल' आणि 'फायटिंग एंजल'. आईने सात मुलांपैकी चार बालपणीच गमावलेली. वडील संसाराचा पैसा बायबलच्या आपल्या चिनी भाषांतरावर खर्च करीत. वडिलांचे धैर्य तिने मनापासून गौरवले. आणि त्या धैर्याची किंमत घरातील बायकांनी कशी चुकवली, हेही लिहिले. 1938 साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा शेतकरी जीवनाच्या चित्रणाबरोबर या चरित्रांचाही उल्लेख झाला, हे आम्हांस यथायोग्य वाटते.

इतके झाले अमेरिकन घराविषयी. चिनी घरास ती प्रिय होती काय? नव्हती. 1933 साली जियांग कांगहू या चिनी विद्वानांनी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रातून तिच्यावर टीका केली. चीनची ओळख त्याच्या विद्येवरून व्हावी, अडाणी शेतकऱ्यांवरून नव्हे, असा तिचा एकंदर रोख होता. बकबाईंनी उत्तर दिले की, ज्यांची संख्या सर्वांत मोठी, ते सामान्य लोकच आपणांस चीन वाटतात. या वादात आपल्यासारख्या पांढरपेशा वाचकांनी स्वतःस विचारून पाहण्याजोगे पुष्कळ आहे. आपल्या खेड्यातील उपासमार एखाद्या परदेशी लेखिकेने अशीच मांडली असती, तर आपणही आपल्या संतवाङ्मयाकडे आणि शास्त्र्यांकडेच बोट दाखवले नसते काय? तथापि दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. लू शुन यांच्यासारख्या श्रेष्ठ लेखकालाही तिचे चित्रण वरवरचे वाटले होते; आणि त्यांना तर दरिद्री माणसाची लाज वाटत नव्हती. पुढे 1936 साली एका पत्रात, कादंबरीचे चिनी भाषांतर बेभरवशाचे असेल तर लेखिकेवर अन्याय होईल, असे त्यांनी लिहिले. लू शुन यांच्या मूळ आक्षेपात तथ्य आहे. वांग लुंगच्या जगात दुष्काळ येतो तो आकाशातून; सावकारी, राजसत्ता, परकीय भांडवल यांचा त्याच्याशी असलेला संबंध पुस्तकात पुसट राहतो.

त्याहून मोठा दोष बकबाईंच्या पुढील लेखनात आहे. 1934 साली त्या कायमच्या अमेरिकेत गेल्या आणि त्यानंतर त्यांनी एकामागून एक पुस्तके लिहिली. ज्या मातीवर पाय होते ती सुटली, आणि आठवणीतील चीन हळूहळू अमेरिकन वाचकाच्या अपेक्षेतील चीन होत गेला. हा वाचक कसा होता, याचे एक उदाहरण पुरे. 1937 साली 'दि गुड अर्थ' चा बोलपट निघाला. त्यात वांग लुंग आणि ओ-लान ही दोन्ही कामे गोऱ्या नटांनी केली. चिनी वंशाची, अमेरिकेतच जन्मलेली आणि नावाजलेली नटी ॲना मे वाँग हिला ओ-लानची भूमिका मिळाली नाही. चिनी माणसाची गोष्ट हवी होती. चिनी माणूस पडद्यावर नको होता. देशाच्या वेशीवरही तोच न्याय होता, कारण चिनी मजुरांस मज्जाव करणारा 1882 चा कायदा तेव्हा अमलात होता. तो 1943 साली रद्द व्हावा म्हणून बकबाई आणि त्यांचे दुसरे पती, प्रकाशक रिचर्ड वॉल्श, यांनी जी खटपट केली, ती त्यांच्या उत्तरकालीन अनेक कादंबऱ्यांहून आम्ही मोलाची मानतो. जरी कायदा उठल्यावरही वर्षाला अवघ्या 105 चिन्यांनाच प्रवेश मिळू लागला.

आता लिन युटांग यांच्याकडे वळू. त्यांचे पुस्तक अमेरिकेस दाखवले तेही याच दांपत्याने. लिन यांचा जन्म 1895 साली फूजियन प्रांतात एका चिनी ख्रिस्ती पाद्र्याच्या घरी झाला. शांघायच्या मिशन कॉलेजातून ते पदवीधर झाले, पुढे हार्वर्ड येथे शिकले आणि जर्मनीत लाइपझिग येथून 1923 साली डॉक्टरेट घेऊन परतले. बकबाईंच्या जीवनाची ही जणू उलटी प्रत. अमेरिकन मुलीस चिनी गुरुजी कन्फ्यूशियस शिकवीत होते, तर चिनी मुलास मिशनच्या शाळा बायबल शिकवीत होत्या. लिन यांनी पुढे स्वतः सांगितले आहे की, शिंगांच्या नादाने जेरिको शहराचा तट कोसळल्याची कथा आपणांस ठाऊक होती. पण पतिवियोगाने रडणाऱ्या मेंग जियांगच्या अश्रूंनी चीनचा महान तट ढासळला, ही आपल्याच देशातील पोराटोरांस ठाऊक असलेली कथा फार उशिरा कळली. ही लाज त्यांच्या पुढील सर्व उद्योगाच्या मुळाशी आहे. पेकिंगच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडून त्यांनी आपला चीन मोठेपणी, हट्टाने, पुस्तकातून मिळवला. बकबाईंचा चीन दाईच्या मांडीवरून आला आणि लिन यांचा ग्रंथांतून, हा उलटा योग लक्षात ठेवला म्हणजे दोघांच्या लेखनातील फरक आपोआप कळतो.

1935 साली त्यांचे 'माय कंट्री अँड माय पीपल' निघाले, प्रस्तावना बकबाईंची. शांघायमध्ये बसून लिहिलेले हे पुस्तक आमच्या मते त्यांचे सर्वोत्तम होय. त्यात चिनी सुभाषितांची मौज आहे, पण कडवटपणाही आहे. प्रतिष्ठा, दैव आणि वशिला या तीन देवताच चीनवर राज्य करतात, असे त्यांनी तेथे लिहिले. त्यांच्या देशबांधवांनी यावर एक कोटी केली : 'माय' या इंग्रजी शब्दासारखा उच्चार असलेल्या चिनी शब्दाचा अर्थ 'विकणे' असा होतो, तेव्हा हे पुस्तक 'देश विकणे' या विषयावरचे आहे! कोटी झोंबणारी खरी, पण त्या पुस्तकास लागू नव्हती. ती लागू पडली दोन वर्षांनी.

1936 साली लिन अमेरिकेत गेले आणि 1937 साली 'दि इंपॉर्टन्स ऑफ लिव्हिंग' प्रसिद्ध झाले. अंथरुणात लोळण्याचे सुख, चहा पिण्याची कला, निरुद्योगाचे महात्म्य! पुस्तक कमालीचे सुंदर आहे. त्यातील विनोद अस्सल आहे. ज्याने पाश्चात्त्य 'ह्यूमर' साठी 1924 साली चिनी भाषेत शब्द रुळवला, त्याच्याच हातचा तो आहे. परंतु त्याच वर्षी जुलैत जपानने चीनवर चढाई केली, आणि डिसेंबरात नानकिंगमध्ये जो संहार झाला तो जगास माहीत आहे. घाईने आणि मंदीने थकलेल्या अमेरिकन वाचकास निवांत, शहाणा, हसरा चिनी माणूस हवा होता. तो त्यांनी पुरवला. 1938 साली हे पुस्तक तेथे सर्वाधिक खपणाऱ्यांत गणले गेले. ते खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. त्यातील प्रत्येक गोष्ट चीनमध्ये कोठे ना कोठे खरी होती. परंतु यजमानास जे गोड लागेल तेवढेच पानात वाढले की, पाहुणा आचारी होतो.

लिन यांना हे जाणवले असावे, कारण 1943 साली त्यांनी 'बिट्वीन टिअर्स अँड लाफ्टर' लिहिले. स्वातंत्र्याच्या गोष्टी बोलणारी पाश्चात्त्य राष्ट्रे आशियास त्यातून का वगळतात, असा रोकठोक प्रश्न त्यात आहे. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा पक्ष बकबाईंप्रमाणे लिन यांनीही अमेरिकेत जाहीरपणे घेतला, हे आपण कृतज्ञतेने स्मरले पाहिजे. परंतु हसऱ्या तत्त्वज्ञाने दात दाखवताच त्याचे चाहते नाराज झाले. पुस्तकाची रचना विस्कळीत आहे, संताप कोठे कोठे भरकटतो. तरीही त्या घरी जे बोलणे अवघड होते, ते बोलले गेले. उलट, युद्धकाळात चीनचा दौरा करून लिहिलेल्या 'दि व्हिजिल ऑफ ए नेशन' मध्ये च्यांग काय-शेक यांच्या राजवटीविषयी त्यांची लेखणी फारच मऊ झाली. एका घरी धीटपणे बोलणारा माणूस दुसऱ्या घरी चाचरला, आणि तेथे आमच्या कसोटीस ते उतरत नाहीत.

मात्र त्यांच्या एका कामाचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. चिनी लिपीची सहस्रावधी अक्षरे अवघ्या 72 कळांवर टंकता यावीत, असे यंत्र लिन यांनी तयार केले आणि 1947 साली ते लोकांसमोर मांडले. त्यापायी पुस्तकांतून मिळालेला बहुतेक पैसा गेला, कर्ज झाले. आणि यंत्राचा कारखाना कधीच निघाला नाही. त्याचा एकमेव नमुना हरवला असे मानले जात होते. तो 2025 साली न्यूयॉर्क राज्यात एका घराच्या तळघरात सापडला आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाने जतनासाठी घेतला. अमेरिकनांस चिनी निवांतपणा सांगून जे मिळवले, ते चिनी माणसाच्या हातास वेग यावा म्हणून त्यांनी उधळले. 1972 साली निघालेला त्यांचा चिनी-इंग्रजी कोश हाही त्याच जातीचा. असल्या कामांत गोड बोलण्यास जागाच नसते.

दोघांचे शेवट मात्र त्या जुन्या म्हणीस साजेसे झाले. त्यांचा परस्परांचा स्नेहही पुढे प्रकाशनाच्या व्यवहारावरून तुटला. अमेरिकेच्या गुप्त पोलिसांनी बकबाईंवर दप्तर ठेवले होते. आणि 1972 साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, चीन पुन्हा पाहावा म्हणून त्यांनी परवाना मागितला, तेव्हा नव्या चीनची निंदा केल्याचा ठपका ठेवून तो नाकारण्यात आला. 1973 साली त्या वारल्या. पेनसिल्व्हेनियातील त्यांच्या थडग्यावर इंग्रजी नाव नाही. तीन चिनी अक्षरे तेवढी आहेत. लिन 1976 साली हाँगकाँग येथे वारले आणि तैपेईजवळच्या डोंगरावर स्वतःच्या घराच्या आवारात विसावले. जन्मगाव समुद्रापलीकडे राहिले. झेन्जियांगमध्ये आज बकबाईंचे स्मारक आहे. मेलेल्या पाहुण्यास पान वाढणे कोणत्याच घरास जड जात नाही.

हा विषय आमच्या वाचकांस दूरचा वाटू नये. आज महाराष्ट्रातील कितीतरी घरांची मुले आणि मुली अमेरिकेत नोकरी-संसार करीत आहेत. घरी बोलताना तिकडच्या सुबत्तेचे आणि शिस्तीचे वर्णन करावे, तिकडे बोलताना इकडच्या अध्यात्माचे आणि सणांचे. दोन्हीकडची माणसे खूष! तिकडचा एकाकीपणा इकडे सांगणे, आणि इकडचा जातिभेद तिकडे कबूल करणे, हे दोन्ही जड. बकबाईंचा तो जोड्याच्या तळव्यात शिवलेला कागद आणि लिन यांचे ते नावडते झालेले संतप्त पुस्तक यांचे महत्त्व यासाठीच आम्हांस अधिक वाटते. 'दि इंपॉर्टन्स ऑफ लिव्हिंग' सुखाने वाचावे. पण त्या लेखकास ओळखायचे असेल तर 'माय कंट्री अँड माय पीपल' आधी वाचावे. 'दि गुड अर्थ' तर वाचावीच. आणि तिच्या शेजारी 'दि एक्झाइल' ठेवावी. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो हे खरे. परंतु दोन्ही घरच्या अन्नात मीठ कोठे कमी आहे, हे त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणास सांगता येणार?